वेनलो गाडीची गुलाबी क्लिप

माझा भाऊ नेव्हिल पेग याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. आमच्या समोर राहणाऱ्या मिसेस टॉलिसला तो अजून पोस्टातली बाई समजतो आणि भेटली की पार्सलांची चौकशी करतो. पण त्याच्या हातावर एक गंजका स्क्रू ठेवा. लगेच चष्मा कपाळावर, स्क्रू नाकाशी, आणि चेहरा असा की डॉक्टरानं रोग्याची नाडी धरलीय. "वेनलो. एकोणपन्नास सालचा नाही, एक्कावन्नचा. डाव्या दरवाज्याचा, खालचा." एवढं बोलून तो स्क्रू परत देणार आणि समोरच्यानं आ वासून उभं राहावं अशी अपेक्षा करणार. लोक राहतातही. इंग्लंडात मूर्खांना तोटा नाही, आणि आमच्या कॉव्हेंट्रीच्या आसपास तर मुळीच नाही.

वेनलो गाडी आमच्याकडेच बनायची. कारखाना कधीचा बंद पडला, तिथं आता गालिच्यांचं दुकान आहे. गाडीत कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. चढावर धापा टाकायची आणि पावसात आतून ओली व्हायची. आमच्या वडलांकडे एक होती. वडील गेले, गाडी नेव्हिलकडे आली, आणि तेव्हा ह्या माणसाचं डोकं जे बॉनेटखाली गेलं ते अजून वर आलेलं नाही. पोटापाण्यासाठी तो पाणीखात्यात मीटरच्या कचेरीत बसतो. तिथं तो काय करतो हे त्याच्या साहेबालाही माहीत नसावं.

जुनी गाडी नव्यासारखी केली की झालं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. छे! ह्या लोकांना ती नव्यासारखी नको असते, कारखान्यातून निघाली होती तश्शी हवी असते. कारखान्यातल्या कुणा आळशानं रंग ओघळू दिला असेल तर तो ओघळही तस्साच पाहिजे. नट घट्ट केल्याची खूण म्हणून कुणी पिवळ्या रंगाचं बोट फासलं असेल, तर हे लोक बारीक कुंचला घेऊन ते बोट काढत बसणार. फार नीट आलं की पुसून पुन्हा काढणार, कारण ते निष्काळजीपणानं फासल्यासारखं दिसलं पाहिजे. चांगली शिकलीसवरलेली, पोराबाळांची माणसं. घरातल्या नळाचं वॉशर बदलायला मात्र ह्यांना बाहेरून माणूस बोलवावा लागतो.

नेव्हिलची बायको जीन ह्यातच गेली. मेली नाही, गेली. लेस्टरला बहिणीकडे. झालं असं की एका रविवारी बिचारीनं नवऱ्याला बरं वाटावं म्हणून ओलं फडकं घेतलं आणि इंजिनामागचा पत्रा पुसून लख्ख केला. त्या पत्र्यावर खडूनं ओढलेली एक रेघ आणि एक आकडा होता. कारखान्यातल्या कुणीतरी उभ्या उभ्या खरडलेला. नेव्हिलनं ते पाहिलं आणि असा मटकन खाली बसला, की जीनला वाटलं, ह्याला झटका आला. मग कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जुना फोटो मोठा करून आणला, पट्टी लावून रेघ मोजली आणि तसाच खडू मिळवून ती पुन्हा ओढली. एकदा नाही, रोज संध्याकाळी, मनासारखी येईपर्यंत. जीन जाताना मला म्हणाली, "हिल्डा, लग्न झाल्यापासून त्यानं माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नाही गं." मी तेव्हा नुकतीच विधवा झाले होते. तिची खोली रिकामी झाली, मी राहायला आले. तेव्हापासून ह्याचं जेवणखाण माझ्याकडे.

तर हा नेव्हिल वेनलो मालकांच्या क्लबाचा मुख्य परीक्षक. मूळ सामान ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं ते सगळे म्हणतात. स्क्रूच्या डोक्यावरची खाच किती खोल, बोल्टच्या माथ्यावर कुठलं अक्षर ठोकलंय, मुलामा पिवळट आहे की निळसर, वॉशरची कड दाबून कापलीय की कातून काढलीय, सगळं बघतो. टेबलावर टाकून आवाज ऐकतो. रबराचा वास घेतो. एकदा मी त्याला एक वॉशर जिभेला लावताना पकडलं.

"मीठ कमी आहे का?" मी विचारलं.

"चेष्टा करू नकोस, हिल्डा. जस्ताची चव वेगळी लागते."

आता कुठली गोष्ट मूळची आणि कुठली मागाहून लावलेली, हे ठरवायचं कसं? कुणाचाही हात न लागलेली एखादी गाडी समोर ठेवायची आणि तिच्याशी ताडून बघायचं. बाकीच्या वेनलो गाड्या दहा गॅरेजांतून फिरलेल्या. म्हणून क्लबानं नेव्हिलचीच गाडी प्रमाण धरली. का, तर ती कारखान्यातून वडलांकडे आणि वडलांकडून ह्याच्याकडे आली, मध्ये परक्याचा हात लागला नाही. नेव्हिलनं तिच्यावरून एक पुस्तक लिहिलं, चित्रांसकट, आणि ते पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेलं.

त्या पुस्तकात एका क्लिपेवर दोन अख्खी पानं आहेत. वेगाच्या काट्याकडे जाणारी केबल इंजिनामागच्या पत्र्याला धरून ठेवते ती क्लिप. तारेचं नासपतीच्या आकाराचं कडं आणि त्यात अडकणारं रबराचं बटण. बाकी कुणाच्याच गाडीत ती शिल्लक नव्हती. केबलीची पकड मोडून पडली की लोक आपलं सुतळीनं बांधून मोकळे व्हायचे. त्यामुळे नेव्हिलला रान मोकळं मिळालं. रबराचं बटण का? तर हादरे शोषायला, कंपनीच्या इंजिनिअरांची दूरदृष्टी. बटणाचा रंग गुलाबी का? तर युद्धानंतर काळ्या रंगाची टंचाई होती. असं सगळं त्यानं लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वॉल्सॉलच्या एका कारखानदाराकडून हुबेहूब तशा क्लिपा करून घेतल्या, गुलाबी बटणासकट. जगातल्या झाडून सगळ्या वेनलो गाड्यांत त्या बसल्या. मी ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं, आणि गाडीच्या बॉनेटखाली बघायची मला सोय नव्हती. जीनच्या फडक्यानंतर आमच्या घरात बाईमाणसाला गॅरेजबंदी होती.

विल्फ ऑरेल आले ते क्लबाच्या जूनमधल्या प्रदर्शनात. आमच्याच लोअर हॅडन गावातले. ऐंशीच्या घरातला ताठ माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही. गावच्या क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं पंच. बापलेक दोघांनाही त्यांनी पायचीत दिलेलं आहे आणि दोघांनीही तोंडातून ब्र काढलेला नाही, कारण विल्फनी बोट वर केलं म्हणजे माणूस बाद, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य. त्यांची वेनलो त्यांनी कोरी घेतलेली. प्रार्थनेला, मैदानावर आणि बियाणांच्या दुकानात, यापलीकडे ती कुठं गेली नाही. प्रदर्शनात 'जशीच्या तशी' नावाचा एक वर्ग असतो, कधीही दुरुस्त न केलेल्या गाड्यांचा; परीक्षेला उतरली की पितळी पाटी मिळते. त्यात कुणीतरी आग्रह केला म्हणून त्यांनी गाडी आणून लावली.

नेव्हिल आला. काठीला आरसा बांधलेला, तोंडात टॉर्च, मागे दोन चेले. गाडीखाली गेला, वर आला, बॉनेटमध्ये शिरला. मग टॉर्च तोंडातून निघाला.

"मिस्टर ऑरेल, केबलीची क्लिप कुणी बदलली?"

"कुणी नाही."

"इथं पत्र्याची जीभ आहे. साधी वाकवलेली पत्र्याची पट्टी. ही मूळची नाही."

"अरे बाबा, तेलपाण्याशिवाय ह्या गाडीला कुणाचा हात लागलेला नाही. माझासुद्धा नाही. पान्हा कुठल्या बाजूनं धरतात तेही मला ठाऊक नाही."

"मग तुमची आठवण दगा देतेय. नाही तर..."

"नाही तर काय?"

"नाही तर तुम्ही खरं सांगत नाही."

हे चारचौघांत. मी तिथंच पलीकडे खाण्याच्या टेबलाशी पोर्क-पाय कापत उभी होते, माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. विल्फनी बॉनेट खाली केलं आणि गाडी घेऊन गेले. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण क्लबाच्या मासिकात निकाल छापून आला आणि त्यात नेव्हिलच्या पाणीखात्याच्या भाषेत लिहिलेलं, 'मालकाचे म्हणणे विश्वासार्ह आढळले नाही.' गावात ते मासिक कोण वाचतं? कुणी नाही. पण वाईट गोष्ट वाचावी लागत नाही, ती आपोआप कळते.

पुढच्याच सामन्यात बॅरी नॉक्स नावाच्या एका दांडगटाला विल्फनी पायचीत दिलं. स्वच्छ बाद होता, पोरं सांगतात. तर तो जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "पंचांचं म्हणणं विश्वासार्ह आढळलं नाही!" सगळं मैदान हसलं. विल्फनी षटक पुरं केलं, पांढरा कोट काढला, खुंटीला लावला आणि घरी गेले. त्यानंतर ते मैदानावर आलेच नाहीत. शनिवारी दुपारी त्यांच्या खिडकीचे पडदे ओढलेले दिसायचे. मैदान त्या खिडकीतून दिसतं.

मी एकदा गोडाचं म्हणून रुबार्बचं क्रंबल घेऊन गेले. त्यांनी दारातच घेतलं.

"हिल्डा, मला बक्षीस नको, पाटी नको," ते म्हणाले. "त्यानं तेवढा शब्द मागे घ्यावा. मी जन्मभर दुसऱ्यांचे निकाल दिले. खोटा म्हणवून घेऊन मी आता तिथं उभा कसा राहू?"

मी घरी येऊन नेव्हिलला तेच सांगितलं. तो खाताखाता म्हणाला, "शब्द मागे घ्यायचा तर आधी क्लिप बदलावी लागेल."

"मग बदल!"

"सत्य असं बदलता येत नाही, हिल्डा." आणि वर मटार मागितले. मी त्याला मटार वाढले नाहीत.

विल्फनी मग क्लबाकडे रीतसर दाद मागितली. म्हाताऱ्याचा धीर बघा. सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये वार्षिक सभा होती, त्यात हा विषय घेतला. पुरुष खुर्च्यांवर. बायका स्वयंपाकघरात, चहाच्या पिंपाशी. मधे भिंतीला वाढायची खिडकी. अशी आमची सभा असते. गाड्यांबद्दल बायकांना काय कळणार, असं कुणी तोंडानं म्हणत नाही. खुर्च्या मांडतानाच मोजून मांडतात.

अध्यक्ष कोल्सन, बँकेतून निवृत्त झालेले, शब्द चघळून बोलणारे. त्यांनी नेव्हिलला बाजू मांडायला सांगितली. दिवे घालवले. नेव्हिलनं पडद्यावर एकामागून एक चित्रं टाकली. बोल्टांची डोकी, वॉशर, आणखी वॉशर. आम्ही आत कप विसळत होतो. मग त्यानं घसा साफ केला.

"आणि ही," तो म्हणाला, "वादग्रस्त क्लिप. माझ्या गाडीतली. कुणाचाही हात न लागलेली."

भिंतभर मोठी करून दाखवली मेल्यानं. मिसेस टॉलिस ट्रे घेऊन खिडकीशी उभी होती. तिनं वर बघितलं.

"अगंबाई!" ती म्हणाली. "ही तर मोज्याची!"

पुरुष खुर्च्यांत वळून बघू लागले. आमच्या बाजूला मात्र सगळ्या जणी खिडकीकडे धावल्या. एक एक डोकं बाहेर निघालं, आणि काय हशा उसळला म्हणून सांगू! कंबरेच्या पट्ट्याला चार लोंबायच्या, लांब मोजे वर धरून ठेवायला. आमच्या वयाच्या झाडून साऱ्या बायकांनी जन्माचा अर्धा भाग त्या क्लिपा मांडीवर वागवल्यात, बसताना रुतवून घेतल्यात. अंधारात ओळखू आम्ही. आणि हे सारे विद्वान त्या वस्तूकडे वर्षानुवर्षं भिंग लावून बघत होते, हादरे शोषतंय म्हणून! घरी बायको कपडे बदलताना ह्यातल्या एकानंही कधी मान वर करून बघितलं नसेल?

मीही हसत होते. आणि हसता हसता मला स्केगनेसचा रस्ता आठवला.

मी हातातलं फडकं टाकलं आणि दार उघडून हॉलमध्ये गेले. "ही आपल्या आईची आहे," मी म्हणाले.

"हिल्डा, आत जा," नेव्हिल म्हणाला.

"नाही जात. नेव्हिल, आपण स्केगनेसला चाललो होतो, समुद्रावर. वाटेत गाडीत खडखड सुरू झाली. पपांनी बॉनेट उघडलं तर केबल सुटून तापलेल्या नळीला टेकायला आलेली. पत्र्याची जीभ मोडली होती. पत्र्याची जीभ, ऐकतोयस ना? पपा शिव्या देत होते. आई म्हणाली, थांबा, ओरडू नका, आणि कुंपणामागे गेली. परत आली ती ही क्लिप घेऊन. पपांनी ती बसवली. आई उरलेला दिवस एक मोजा घोट्यावर लोळवत समुद्रकाठी फिरली. मला वाटलं, पपांनी ती पुढं केव्हाच काढून टाकली असेल."

नेव्हिलचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा पडला होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस माणसासारखा बोलेल. तो म्हणाला, "आमच्या आईकडे असलं काही नव्हतं."

"मग तिचे मोजे काय प्रार्थनेवर उभे राहायचे?"

बायका पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही. सगळ्यांच्या देखत त्यानं आईलाच खोडून काढलं होतं, एका क्लिपेसाठी.

आणि पुरुष? त्यांच्यात खळबळ माजली, पण कशाबद्दल? टॅमवर्थचा एक जण उठून विचारू लागला, त्यानं जादा घेऊन ठेवलेल्या क्लिपा क्लब परत घेणार का. दुसरा म्हणाला, सगळ्या गाड्यांत तीच आहे तर तीच मूळची धरायला काय हरकत आहे? कोल्सननी शब्द चघळले आणि ह्या विषयावर उपसमिती नेमावी असं सुचवलं. लगेच हात वर. उपसमिती म्हटलं की ह्यांचे हात आपोआप वर जातात.

मागच्या रांगेतून विल्फ उभे राहिले. "आणि माझं काय?" त्यांनी विचारलं.

"उपसमितीचा अहवाल आल्यावर, मिस्टर ऑरेल, आपण सर्व बाबींचा..."

विल्फनी टोपी घातली आणि ते निघून गेले. दाराशी मी त्यांना हाक मारली, पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हिल नाश्त्याला आला नाही. मी गॅरेजबंदी मोडून आत गेले. बॉनेट उघडं होतं आणि तो त्यात डोकं घालून उभा होता. हातात मोजमापाचं काही नव्हतं, नुसताच बघत होता.

"हिल्डा," तो मान वर न करता म्हणाला, "डाव्या पायातली होती की उजव्या?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "कशाला? पुस्तकात लिहायचंय? डाव्या मोज्याची क्लिप, उजव्या मोज्याची क्लिप, मुलामा निळसर? अरे, काल तू तिला नाही म्हणालास! चार माणसांपुढे नाही म्हणालास! ती असती तर आधी तुझे कान उपटले असते, आणि मग कान धरून त्या म्हाताऱ्याच्या दारात नेऊन उभा केला असता."

"मला आठवत नाही गं काही," तो म्हणाला. "मी मागच्या सीटवर होतो ना?"

"होतास. सँडविचं खाऊन झोपला होतास."

आई त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. तो सात वर्षांचा होता, मी त्याच्याहून बरीच मोठी. त्याला आठवत नाही हे मला माहीत होतं, पण त्यानं ते कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं. वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही, आणि जायचं कारणही नव्हतं.

"जेव, आणि विल्फकडे जा," मी म्हणाले.

तो गेला. मीही बरोबर गेले, कारण ह्याचा भरवसा नाही. हातात त्यानं एक पिशवी घेतली होती. विल्फनी दार उघडलं, आम्हाला आत या म्हणाले नाहीत. नेव्हिलनं पिशवीतून पितळी पाटी काढली. 'जशीच्या तशी' वर्गाची पाटी. त्या पाट्या परीक्षक म्हणून त्याच्याकडेच असतात.

"ही तुमची," तो म्हणाला. "उपसमितीचं मी बघून घेईन. डॅशबोर्डवर बसवायची असते. दोन स्क्रू. मी आत्ताच बसवून देतो." आणि त्यानं पिशवीतून छोटं ड्रिल काढलं.

विल्फ त्या ड्रिलकडे बघत राहिले. "म्हणजे भोकं पाडणार?"

"दोनच. अगदी बारीक."

विल्फ माझ्याकडे वळले. "हिल्डा, हा तुझा भाऊ लहानपणी डोक्यावर पडला होता का?"

"माझ्या देखत तरी नाही."

"अरे शहाण्या, जिला कुणी हात लावला नाही म्हणून ही पाटी, ती लावायला तिलाच भोकं पाडणार? आजवर किती गाड्यांना पाडलीस?"

नेव्हिलनं ड्रिलकडे बघितलं. मग पाटीकडे. एवढी वर्षं हे लोक ह्या पाट्या ठोकत होते, आणि अख्ख्या क्लबात एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी मनातल्या मनात कोल्सनच्या बँकेत पैसे ठेवणाऱ्यांची कीव केली.

"पाटी घेऊन जा," विल्फ म्हणाले. "मला ती नको होती आणि नको आहे. तू चारचौघांत बोललास, तर चारचौघांत परत घे. क्लबात नको. ते लोक माझे कोण? ज्यांच्यापुढे मी उभा राहतो त्यांच्यापुढे बोल. आज मोसमातला शेवटचा सामना आहे. चहाच्या सुट्टीत ये."

"तिथं मला कुणी ओळखत नाही," नेव्हिल म्हणाला.

"बरंच आहे की. ओळख होईल."

चहाच्या वेळेला मैदानावरच्या त्या लाकडी खोलीत दोन्ही संघ कोंबलेले होते. घामट पोरं, काकडीची सँडविचं, बाकांखाली पॅड. विल्फ दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. खुंटीवर त्यांचा कोट लोंबत होता. त्यांच्या जागी दोन्ही संघांतले खेळाडू आलटून पालटून पंच होत होते आणि दर सामन्यात भांडत होते. नेव्हिलच्या हातात कुणीतरी चहाचा कप दिला. तो धरून तो मधोमध गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं, आता हा पळतो.

"माझं नाव पेग," तो म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही. "पेग! मिस्टर ऑरेलना खोटं ठरवणारा तो मीच."

मग वळले सगळे त्याच्याकडे.

"ते खरं बोलत होते. त्यांच्या गाडीतली क्लिप कारखान्याचीच आहे. चूक माझी. माझ्या गाडीतली क्लिप..." तो थांबला. सगळा चेहरा लाल, मानेपर्यंत. "माझ्या गाडीतली क्लिप आमच्या आईच्या मोज्याची आहे."

अर्थातच हसले. का हसणार नाहीत? कुणी चहा सांडला, कुणी बाक बडवला. नेव्हिल तिथंच उभा राहिला. एरवी त्याच्या वॉशरला कुणी हसलं तरी आठवडाभर घुमा होणारा माणूस.

हसण्यात सगळ्यात पुढं अर्थात बॅरी नॉक्स. "म्हणजे मिसेस पेग एका मोज्यावर फिरल्या?" तो ओरडला. "कशा दिसत होत्या मग? सांगा की!"

नेव्हिलनं त्याच्याकडे बघितलं. खरोखरच विचार करत होता, बारकाईनं, स्क्रू हातात असल्यासारखा.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. नंतर ती लवकरच गेली."

हसणं एकदम बंद नाही झालं. कडेकडेनं थांबत गेलं. बॅरीनं हातातलं सँडविच ताटलीत ठेवलं, इकडेतिकडे बघितलं, मग उठून खुंटीवरचा कोट काढला आणि दाराशी जाऊन विल्फपुढे धरला, हात घालता यावेत असा. विल्फनी हात घातले. बटणं लावली. "खेळाला उशीर होतोय," ते म्हणाले, आणि बाहेर पडले. पोरं पॅड बांधत त्यांच्या मागून गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. नेव्हिल अजून मधोमधच उभा होता.

"कशी दिसत होती गं ती?" त्यानं विचारलं.

पन्नाशी उलटल्यावर मेल्याला हे विचारायचं सुचलं. मी त्याच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला, त्याला बाकावर बसवलं आणि सांगायला लागले.